चार क्लब मेले, पण ‘मेले’ म्हणजे नक्की काय?

पेटची तयारी करणारं किंवा कोर्सवर्क चालू असलेलं कुणी भेटलं की मी हल्ली त्यांना एक गणित घालतो. पुण्यात बालेवाडीच्या स्टेडियमवर घरचे सामने खेळणारे, देशाच्या सर्वोच्च पातळीवरचे चार फुटबॉल क्लब होते. पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स आणि एफसी पुणे सिटी. २०१५ ते २०१९ या पाच वर्षांत चारही बंद झाले. सरासरी किती वर्षं जगले ते सांगा.

बहुतेक जण मोबाईल काढतात, सुरू झाल्याचं साल आणि बंद पडल्याचं साल शोधतात, वजाबाकी करतात, चारने भागतात. पाच मिनिटांत उत्तर. आणि जवळपास प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं. तुम्हीही आधी करून बघा, मग पुढे वाचा.

हे गणित मला सुचलं ते फुटबॉलमुळे नाही, उसामुळे. माझं काम खोडव्याच्या उगवणीवर आहे. वडगाव रासाईला भीमेच्या काठच्या रानात राहणाऱ्याला खोडवा म्हणजे काय हे सांगायला नको, पण शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. ऊस तोडला की जमिनीत बुडखा राहतो. त्याला पुन्हा फुटवे येतात आणि नव्याने लागण न करता दुसरं पीक उभं राहतं, ते खोडवं. पहिल्या वर्षी मी काय केलं, तोडणीनंतर ठरावीक दिवशी रानात जाऊन बुडखे मोजले. ज्याला फुटवा नाही त्यापुढे ‘मृत’ लिहिलं. तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो तर माझ्या मेलेल्यांपैकी बरेच हिरवे झाले होते! चुलता बांधावर उभा राहून हसत होता. गाईड हसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “मृत्यूची व्याख्या कुठल्या पानावर लिहिली आहेस?” ती कुठल्याच पानावर नव्हती. एका हंगामाचा डेटा गेला.

तर आता क्लबांकडे. चारही गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि त्या तशाच समजून घेतल्या पाहिजेत.

पुणे एफसी २००७ मध्ये अशोक पिरामल समूहाने सुरू केला. आधी आय-लीगच्या दुसऱ्या श्रेणीत खेळला, २००९ मध्ये वर आला आणि २००९-१० च्या पहिल्याच मोसमात डेम्पो आणि चर्चिल ब्रदर्सच्या मागे तिसरा आला. प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा. कोलकाता आणि गोवा सोडून फुटबॉल कुठे असतो, असं मानणाऱ्या मंडळींना हा मोठा धक्का होता. २०१२-१३ मध्ये संघ दुसरा आला, चर्चिलने विजेतेपद घेतलं. २०१४ मध्ये तो एएफसी कपमध्ये खेळला, म्हणजे आपल्या जिल्ह्यातला संघ आशियातल्या क्लबांशी खेळत होता. त्याच वर्षी ड्युरंड कपच्या अंतिम सामन्यात साळगावकरकडून एका गोलने हरला. त्यांची युवा अकादमी होती आणि ती चांगली चालत होती. २०१५ मध्ये क्लब बंद झाला. मैदानावरच्या अपयशाने नाही, हे लक्षात ठेवा. तोवर इंडियन सुपर लीग सुरू झाली होती, जाहिरातदारांचे पैसे आणि टीव्हीचं लक्ष तिकडे वळलं होतं. आय-लीगमध्ये पैसे घालत राहण्याचं कारण मालकांना उरलं नाही.

भारत एफसी हा कल्याणी समूहाचा क्लब. नोव्हेंबर २०१४ मध्ये स्थापना, २०१४-१५ चा एकच मोसम, अकरा संघांत शेवटचा क्रमांक, आणि बंद. तो शेवटचा आला तरी त्याची पदावनती होणार नव्हती. उद्योगसमूहांना थेट प्रवेश देताना महासंघाने सुरुवातीच्या काळासाठी तसं संरक्षण दिलं होतं. म्हणजे खाली जाऊन खेळायची वेळ आलीच नव्हती. वर राहायची परवानगी हातात असताना हा क्लब संपला.

डीएसके शिवाजियन्सची गोष्ट अजून मजेची. शिवाजियन्स हा पुण्याच्या स्थानिक फुटबॉलमधला आधीपासूनचा संघ. त्याला बांधकाम व्यवसायातल्या डीएसके समूहाचं नाव आणि पैसा मिळाला. आधी आय-लीगची दुसरी श्रेणी, मग २०१५-१६ पासून थेट प्रवेशाने पहिली. त्या मोसमात नऊ संघांत तो नववा आला, पण वर सांगितलेल्या संरक्षणामुळे खाली गेला नाही. त्याच्याऐवजी आठव्या क्रमांकाच्या मिझोरामच्या ऐझॉलला खाली जावं लागलं. पुढे त्याच २०१६ मध्ये गोव्याच्या साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लबने आय-लीगमधून अंग काढून घेतल्यावर ऐझॉलला परत घेतलं, आणि २०१६-१७ ची आय-लीग ऐझॉलने जिंकली! ज्याच्या संरक्षणापायी ऐझॉल खाली गेला होता, तो डीएसके शिवाजियन्स त्याच वर्षी, २०१७ मध्ये, राष्ट्रीय फुटबॉलमधून नाहीसा झाला.

चौथा एफसी पुणे सिटी. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगबरोबर जन्मलेला, वाधवान समूहाचा, सुरुवातीला हृतिक रोशन सहमालक. पुणे एफसी बंद झाल्यावर त्याची अकादमी यांनी घेतली. २०१७-१८ मध्ये हा संघ चौथा आला आणि उपांत्य फेरीत बंगळुरूकडून हरला. पुण्यातला पहिला सामना गोलशून्य, बंगळुरूतल्या दुसऱ्यात सुनील छेत्रीची हॅटट्रिक. पाच मोसमांनंतर २०१९ च्या उन्हाळ्यात क्लब गुंडाळला गेला आणि ऑगस्टमध्ये लीगमधली त्याची जागा नव्या मालकांच्या हैदराबाद एफसीला मिळाली. बरेच खेळाडू पुण्याहून हैदराबादला गेले. प्रशिक्षक फिल ब्राऊनही तेच राहिले.

आता सरासरी काढा बरं.

सर्वोच्च पातळीवरचे मोसम मोजलेत तर पुणे एफसीचे सहा, भारतचा एक, शिवाजियन्सचे दोन, पुणे सिटीचे पाच. बेरीज १४, सरासरी ३.५. पण स्थापनेपासून मोजायचं म्हटलं तर पुणे एफसीचीच आठ वर्षं होतात. शिवाजियन्सचं काय करायचं? स्थानिक लीगमध्ये खेळायला लागला तिथून, की डीएसके हे नाव लागलं तिथून, की २०१५ पासून? तुम्ही सुरुवातीचा बिंदू कुठे धरता यावर एकाच क्लबचं आयुष्य दोन वर्षं किंवा कितीतरी जास्त होतं. सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिसमध्ये याला ‘टाइम झिरो’ म्हणतात. पुस्तकात त्यावर एक ओळ असते, पण प्रत्यक्षात अर्धा तंटा तिथेच असतो.

शेवटाचा बिंदू तर याहून अवघड आहे. एफसी पुणे सिटी मेला, की हैदराबादला गेला? खेळाडू तेच, प्रशिक्षक तोच, लीगमधली जागा तीच. नाव, शहर, मालक वेगळे. हैदराबादने २०२१-२२ मध्ये फातोर्ड्याला केरला ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून विजेतेपद पटकावलं, तेव्हा पुण्यात कुणी पेढे वाटल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. लोकांनी आपल्यापुरती व्याख्या केली होती: शहर सुटलं की क्लब संपला. कायद्याच्या आणि कंपनीच्या कागदांवरून व्याख्या केली तर उत्तर वेगळं येऊ शकतं. दोन्ही व्याख्या चालतात. पण एका क्लबला एक आणि दुसऱ्याला दुसरी लावणं चालत नाही, आणि आपण नकळत नेमकं तेच करतो.

इथे इटलीकडे वळावं लागतं, आणि त्याचा धागा पुण्यातच आहे. एफसी पुणे सिटीने सुरुवातीला इटलीतल्या फिओरेन्तिना या क्लबशी भागीदारी केली होती. पहिल्या मोसमाचे प्रशिक्षक फ्रान्को कोलोम्बा इटलीचे, गोलरक्षक बेलार्डी आणि बचावपटू चिरिल्लो इटलीचे. गंमत अशी, की पुण्याच्या क्लबला वाट दाखवायला आलेला हा क्लब स्वतः एकदा मरून परत आलेला होता.

फिओरेन्तिना हा फ्लॉरेन्सचा क्लब. १९२६ मध्ये शहरातले दोन क्लब एकत्र करून बनला. मिलान, तुरीन, रोम या बड्या शहरांच्या सावलीत राहूनही त्याने १९५६ आणि १९६९ मध्ये इटलीची लीग जिंकली. २००२ मध्ये कर्जाने बुडाला. त्याच मोसमात पहिल्या श्रेणीतून घसरला होता, आणि पैशांअभावी दुसऱ्या श्रेणीतही प्रवेश नाकारला गेला. कंपनी दिवाळखोर झाली. कागदावर मृत्यू, अगदी तारखेसकट.

पण त्याच ऑगस्टमध्ये महापौर आणि चपलाबुटांचे मोठे कारखानदार दिएगो देल्ला वाल्ले यांच्या पुढाकाराने ‘फ्लोरेन्तिया व्हिओला’ नावाचा नवा क्लब उभा राहिला आणि चौथ्या श्रेणीत दाखल झाला. जुनं नाव वापरायचा हक्क नव्हता. नुकताच इटलीकडून विश्वचषक खेळलेला आंजेलो दि लिव्हिओ चौथ्या श्रेणीत खेळायला थांबला. प्रेक्षक हजारोंनी येत राहिले. वर्षभरात संघ वर चढला आणि २००३ मध्ये लिलावात जुनं नाव विकत घेतलं. त्याच उन्हाळ्यात इटलीत दुसऱ्या श्रेणीच्या संघसंख्येवरून मोठा वाद झाला, श्रेणी २४ संघांची झाली आणि मोकळ्या जागेवर फिओरेन्तिनाला थेट घेतलं. आधार काय दिला? ‘क्रीडा गुणवत्ता’. म्हणजे मेलेल्या क्लबची पुण्याई नव्या क्लबच्या खात्यावर जमा धरली! २००४ मध्ये पेरुजाला हरवून संघ पहिल्या श्रेणीत परतला. आज क्लबच्या इतिहासात १९२६ पासूनचं सगळं सलग मोजतात, मधल्या दिवाळखोरीसकट.

हा खोडवा आहे. वरचा ऊस तुटला, पण बुडखा जमिनीत होता.

मग पुण्याचे बुडखे का फुटले नाहीत? “आपल्याकडे फुटबॉलची आवडच नाही” हे उत्तर मला आळशीपणाचं वाटतं. कोल्हापूरला कधी गेला असाल तर तुम्हालाही वाटेल. मला फरक दिसतो तो दोन ठिकाणी.

एक, खाली पाय ठेवायला पायरी. इटलीत वरपासून गल्लीतल्या संघांपर्यंत श्रेणींची उतरंड आहे. क्लब बुडाला तर त्याच शहरातल्या नव्या संस्थेला खालच्या श्रेणीत घ्यायची सोय महासंघाच्या नियमांत आहे, आणि कोणती संस्था हे ठरवण्यात महापौराचा शब्द लागतो. म्हणजे क्लबचा वारसा शहराशी बांधलेला आहे, कंपनीशी नाही. आपल्याकडे सुपर लीगमध्ये त्या काळात पदावनतीच नव्हती. तिथली जागा म्हणजे एक करार. करार संपला की जागा दुसऱ्याला. आय-लीगमध्ये पदावनती होती, पण उद्योगसमूह पैसे भरून थेट वरच्या मजल्यावर आले होते. जिना चढलेच नाहीत, त्यामुळे उतरायचा प्रश्नही आला नाही. याला पुणे एफसी थोडा अपवाद. तो दुसऱ्या श्रेणीतून वर आला होता आणि चौघांत सर्वांत जास्त मोसम तोच टिकला. पण चारांतल्या एकावरून निष्कर्ष काढू नका. काढलात तर माझे गाईड तुमच्या घरी येतील.

दुसरा फरक सभासदांचा. आमच्या बाजूचा भीमा-पाटस कारखाना काही वर्षं बंद होता, मग चालवायला दुसऱ्या समूहाकडे गेला. तरी लोकांच्या तोंडी तो भीमा-पाटसच आहे, कारण सभासद आहेत, त्यांच्याकडे शेअर आहेत, वार्षिक सभेत उठून भांडायचा हक्क आहे. बालेवाडीला येणाऱ्यांकडे तिकीट होतं, जर्सी होती, काही जणांकडे ढोल होता. भांडायचा हक्क नव्हता. क्लब बंद करताना कुणाची मंजुरी लागली नाही.

आता कोल्हापूर. तिथले संघ पेठेतल्या तालमींचे: पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावंही घराघरात माहीत. १९४० मध्ये स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन लीग चालवते, शाहू स्टेडियम भरतं. यांच्यातला एकही संघ देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये नाही, पण पुण्याचे चारही क्लब जन्मून मरेपर्यंत हे सगळे होते, आणि आहेत. क्लब तालमीचा, तालीम पेठेची, आणि पेठ विकता येत नाही.

इतकं सुंदर वाक्य सुचलं की थांबायचं असतं. मीही सेमिनारमध्ये तसाच थांबलो होतो, आणि मागच्या बाकावरून एका ज्युनिअर मुलीने विचारलं, “सर, कोल्हापूरच्या बंद पडलेल्या संघांची यादी कुठे आहे?” नव्हती. मी आज जे दिसतात त्यांची नावं घेतली होती. जे संघ मध्येच विरले, ज्यांचे कप कुणाच्या तरी माळ्यावर पडलेत, ते माझ्या तक्त्यात आलेच नव्हते. मग तालमींचे संघ मरत नाहीत असं दिसणारच! जे अभ्यासाला सुरुवात होण्याआधीच संपले ते तुमच्या नमुन्यात येत नाहीत, याला ‘लेफ्ट ट्रंकेशन’ म्हणतात. पुण्याच्या चार क्लबांची मरणं वर्तमानपत्रांत छापून आली, पेठेतल्या छोट्या संघाच्या मरणाची बातमी होत नाही. म्हणून ही तुलना करायची तर आधी जुन्या लीगचे तक्ते, जुनी वर्तमानपत्रं, तालमींतली म्हातारी माणसं हे सगळं धुंडाळून मेलेल्यांची यादी करावी लागेल. ती होईपर्यंत माझं ते सुंदर वाक्य फक्त एक अंदाज आहे.

याची दुसरी बाजूही बघा. आज जिवंत असलेल्या तालमींच्या संघांचं आयुष्य किती लिहायचं? अजून संपलेलं नाही, त्यामुळे एवढंच म्हणता येतं की ‘किमान इतकी वर्षं’. अशा अर्धवट नोंदीला ‘सेन्सॉर्ड’ म्हणतात. ती फेकून द्यायची नसते आणि तिला मृत्यूही धरायचं नसतं. १९५८ मध्ये कॅप्लान आणि मायर यांनी दाखवलेली पद्धत नेमकी यासाठी आहे. जोवर नोंद दिसते तोवर त्या संघाला ‘धोक्यात असलेल्यां’मध्ये मोजायचं, आणि नोंद थांबली की मृत्यूचा शिक्का न मारता बाजूला करायचं. पहिल्या वर्षी माझ्या बुडख्यांसाठी हेच करायला हवं होतं.

इटलीचंही फार कौतुक करायला नको. व्हेरोनाच्या एका उपनगराचा क्लब चिएव्हो २०२१ मध्ये करांच्या थकबाकीपायी व्यावसायिक लीगबाहेर फेकला गेला. त्याचा जुना कर्णधार सेर्जिओ पेलिस्सिएर याने दुसऱ्या नावाने अगदी तळाच्या श्रेणीतून नवा क्लब सुरू केला, आणि २०२४ मध्ये लिलावात चिएव्होचं नाव परत मिळवलं. मधली तीन वर्षं चिएव्हो होता की नव्हता? फिओरेन्तिनाच्या वेळी फट एका वर्षाची होती म्हणून आपण ती सहज सांधली. तीन वर्षांना सांधायची का? दहा झाली तर? उद्या कुणी पुण्यात ‘पुणे एफसी’ हे नाव घेऊन संघ उतरवला, तर त्याला २०१२-१३ चं दुसरं स्थान मिळेल का?

माझ्या खोडव्याच्या वहीत आता पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे: तोडणीनंतर अमुक दिवसांपर्यंत फुटवा नाही, तर मृत, त्यानंतर फुटला तर ‘उशिरा उगवण’ असा वेगळा रकाना. दिवसांचा तो आकडा बरोबर आहेच असं नाही, पण मोजायला सुरुवात करण्याआधी ठरवलाय आणि सगळ्या बुडख्यांना तोच लावलाय. क्लबांच्या तक्त्यालाही मी आता तीन रकाने केलेत: कंपनी कधी संपली, शहर कधी सुटलं, खेळणं कधी थांबलं. पुणे एफसी आणि भारत एफसीच्या ओळीत या तिन्ही गोष्टी २०१५ लाच येतात. फिओरेन्तिनाच्या ओळीत पहिल्या रकान्यात २००२ आहे, पुढचे दोन रिकामे.

एफसी पुणे सिटीची ओळ मात्र अजून पेन्सिलीने लिहिलेली आहे. शहर सुटलं, २०१९. खेळणं थांबलं, या रकान्यात मी आधी ‘हैदराबाद, चालू’ असं लिहिलं होतं. २०२५ मध्ये तो संघही हैदराबाद सोडून दिल्लीला गेला, नवं नाव घेऊन. त्यामुळे ते खोडून पुन्हा लिहायचं आहे.